पुळणीवरचे राखणदार

पहाटे सहाच्या सुमारास वेळासच्या पुळणीवर दोनशे माणसे जमलेली असली तरी मोठ्याने कुणी बोलत नाही. सगळ्यांचे डोळे कुंपणाआतल्या एका उपड्या टोपलीवर असतात. घरट्यांची राखण करणारा गावातला कासवमित्र वाकतो, टोपली उचलतो. कधी खाली नुसती वाळू असते. कधी वाळूवर चार-पाच काळे ठिपके हलत असतात, आणि कधी पिल्लांची एवढी दाटी की टोपलीच थोडी उचललेली वाटावी. मग ती पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर सोडली जातात. दोन्ही बाजूंना दोर आणि दोरापलीकडे माणसे. तळहातात मावेल एवढे पिल्लू लाटेकडे निघते, पहिली लाट त्याला मागे फेकते, ते पुन्हा निघते.

आपण याला कासव महोत्सव म्हणतो. पण महोत्सव दिसतो तो या अर्ध्या तासापुरता. तो उभा आहे आधीच्या चार महिन्यांच्या रात्रींवर, आणि त्या रात्री गावातल्या पोरांनी चालून काढलेल्या असतात. त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे.

सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे बाणकोट आणि त्याला लागून रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणारी पाखाडी, पुढे सुरूचे बन आणि मग समुद्र. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची माणसे समुद्री गरुडाचा अभ्यास करत या किनाऱ्यावर आली. गरुडाची घरटी शोधताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावात चौकशी केली. कासवे इथे अंडी घालायला येतात हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि ती अंडी काढून खाल्ली, विकली जातात हेही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत इथे येणारे ऑलिव्ह रिडले कासव आहे, पण तो कागद पुळणीपर्यंत पोचला नव्हता. गंमत अशी, की ज्या गावच्या देवळात देवाकडे जाताना आपण आधी दगडी कासवाला हात लावतो, त्याच गावात जिवंत कासवाच्या अंड्यांना राखणदार नव्हता.

संस्थेने एक शहाणपण दाखवले. अंडी काढण्यात वाकबगार असलेल्यांना तिने दूर लोटले नाही. घरटे कुठे असेल हे त्यांच्याइतके कुणालाच कळत नसे, म्हणून राखणही त्यांच्याच गावाकडे सोपवली. २००६ साली वेळासच्या कासव मित्र मंडळाच्या साथीने पहिला महोत्सव भरला. पाहुण्यांनी गावातल्याच घरी उतरायचे, पडवीत झोपायचे, घरातल्यांसारखे जेवायचे. उकडीच्या मोदकाला आणि सोलकढीला पैसे मिळू लागले तसे, माझ्या मते, कासवाचे मोलही गावाच्या हिशेबात आले.

आता त्या रात्रींकडे येतो. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर याच जातीच्या लाखो माद्या एकदम येतात, तसे कोकणात होत नाही. इथे माद्या एकेकट्या येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि बहुतेक रात्रीच. म्हणून संपूर्ण किनारा रोज चालावा लागतो. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की त्याच्या टोकाशी घरटे. कोल्हा, कुत्रा किंवा रानडुक्कर तिथे आधी पोचले तर सगळे संपले. मादी मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा घागरीसारखा खड्डा करते, शंभर ते दीडशे अंडी घालते आणि वाळू सारखी करून निघून जाते. पुन्हा वळून बघायलाही येत नाही.

प्राण्यांपासून वाचवायला अंडी कुंपणात हलवायची तर काही तासांतच. आतला गर्भ लवकरच कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडे फिरले तर तो मरतो. म्हणून त्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, लगोलग तेवढ्याच खोलीचा, तसाच घागरीसारखा खड्डा करतात, अंडी मोजून अलगद आत ठेवतात आणि तारीख व संख्येची पाटी लावतात. पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. दिवस भरत आले की टोपली पालथी घालायची आणि रात्रंदिवस डोळा ठेवायचा. नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते: साधारण तीस अंशांच्या वर माद्या अधिक, त्याखाली नर अधिक. उन्हाळे कडक होत असताना हॅचरीवर सावली धरणे हेही म्हणून राखणदारीचेच काम झाले आहे. विशी-पंचविशीतली पोरे हे सगळे करतात. भारतात तरुणांनी कासवांसाठी रात्र जागवण्याची परंपरा तशी जुनी आहे. चेन्नईत विद्यार्थ्यांचे गट १९८८पासून किनारे चालत आहेत. कोकणातला फरक हा, की इथली मुले त्याच किनाऱ्यावर जन्मलेली आहेत.

वेळासचे लोण पसरले. आंजर्ल्यात महोत्सव होऊ लागला. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीत तर त्याला आपला अस्सल शब्द मिळाला: कासव जत्रा. राखणीतून विज्ञानही उभे राहिले. जानेवारी २०२२मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच, म्हणून नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ दक्षिणेला वळली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ साली गहिरमाथ्याला परावर खूणचिठ्ठी लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. दोन किनाऱ्यांची कासवे वेगळी, हा आपला समज त्या एका चिठ्ठीने हलवला. ती चिठ्ठी दिसली कारण त्या रात्री कुणीतरी किनाऱ्यावर जागे होते.

मला खटकणारी गोष्टही सांगितली पाहिजे. गर्दी वाढली की पिल्लू हवेच, ही हौस वाढते. अमुक तारखेला आलो, पैसे भरले, आता दाखवा. वाळूतून वर आलेल्या पिल्लाच्या अंगात पोहून खोल पाण्यात जाण्यापुरतीच शिदोरी असते. पाहुण्यांची बस यायची आहे म्हणून ते टोपलीखाली थांबले, तर ती शिदोरी तिथेच संपते. रात्री किनाऱ्यावरचा एखादा दिवा पिल्लांना समुद्राच्या उलट्या दिशेला ओढतो. मोठे होईपर्यंत हजारात एखादेच जगते असे मानतात. त्यात आपली भर नको. कासवाच्या वेळापत्रकाने चालेल तोच महोत्सव खरा. ज्या दिवशी पाहुण्यांना रिकामी टोपली पाहून परत जावे लागते, त्या दिवशी तो अपयशी ठरला असे मी मानणार नाही.

ऑलिव्ह रिडले मादी साधारण दहा ते अठरा वर्षांची झाली की पहिल्यांदा अंडी घालते. म्हणजे २००२ ते २००६ दरम्यान वेळासच्या मुलांनी समुद्रात सोडलेल्या पिल्लांपैकी काही एव्हाना आया झाल्या असतील, कदाचित याच पुळणीवर. तेव्हा टोपली उचलणारी पोरे आता चाळिशीला आली आहेत. त्यांच्या जागी नवी पोरे हवीत, आणि ती गावात टिकायची तर चार महिन्यांच्या मानधनावर टिकणार नाहीत. कासवमित्राला बारमाही काम हवे: पावसाळ्यात किनाऱ्याची सफाई आणि नोंदी, शाळांमधून शिकवणे, कांदळवनाची राखण. वन विभागाने हे मनावर घ्यावे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पहिल्या गस्ती सुरू होत असतील. उन्हाळ्याच्या तोंडाला वेळासला जा. दोन रात्री राहा, गावातल्याच घरी जेवा, किनाऱ्यावर दिवा लावू नका, दोर ओलांडू नका. आणि ज्याने टोपली उचलली त्याचे नाव विचारून घ्या.