पातळी उतरली की बेट वर येतं

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे वर्गात बेट शिकवायचं म्हणजे फळ्यावर घारापुरी काढायची, नकाशात अंदमानवर बोट ठेवायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. अंबडला भूगोल शिकवताना मीही तेच करायचे. एकदा शहागडकडून येणाऱ्या एका पोराने विचारलं, "बाई, नाथसागरातलं बेट धरायचं का नाही? उन्हाळ्यात माझा मामा तिथं बैलं घेऊन जातो." चारी बाजूंनी पाणी ही पुस्तकातली व्याख्या त्याच्या मामाच्या बैलांनी चालत ओलांडली होती.

नाथसागर म्हणजे पैठणचा जायकवाडी जलाशय. तो आमच्या जिल्ह्यात नाही. भिंत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि पाणी पार अहिल्यानगरच्या शेवगाव-नेवाशापर्यंत पसरलेलं. पण जालना शहराच्या नळाला येतं ते पाणी तिथलं. २०८ किलोमीटरचा डावा कालवाही तिथूनच निघतो आणि अंबड, घनसावंगी भिजवत परभणीकडे जातो. आमच्याकडे ऊस उभा राहतो तो या पाण्यावर. म्हणून त्या बेटांचं काय होतं, हा प्रश्न फक्त पैठणकरांचा आहे असं मी मानत नाही.

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, १०२ टीएमसी पाणी. भंडारदरा किंवा कोयनेसारखी इथे खोल दरी नाही. गोदावरीकाठची सपाट काळी जमीन बुडवून हा जलाशय झाला. तो परातीसारखा पसरट आहे, आणि पुढचं सगळं या पसरटपणातून आलं. पूर्ण भरल्यावर पातळी १५२२ फूट. काठावरची माणसं टक्के सांगत नाहीत, फूटच सांगतात. एकेक फूट उतरला की काठाकाठाने मैलोगणती चिखल उघडा पडतो. बुडालेल्या गावांच्या पांढरीची टेकाडं, जुने माळ डोकं वर काढतात. ही आपली बेटं. अभयारण्याच्या माहितीत ती तीसेक सांगतात. माझ्या मते कुठल्या महिन्यात मोजली त्यावर आकडा ठरतो. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला टेकतं. मग मामाचे बैल जातात, आणि बैलांमागून कुत्रीही.

१९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. २०१७ साली भोवताली पर्यावरणसंवेदनशील पट्टाही ठरला. हिवाळ्यात सोनेवाडीच्या बाजूला उभं राहिलं तर चक्रवाक, पट्टकादंब, करकोचे, कधी रोहितांची गुलाबी रांग असा मोठा मेळा दिसतो. वर्तमानपत्रांत फोटो येतात ते यांचेच. या पाहुण्यांना बेटाचं फारसं अडत नाही. त्यांना उथळ पाणी हवं, चिखल हवा आणि माणसाने थोडं लांब राहायला हवं. काठावरून दुर्बिणीने बघणाऱ्या शंभर माणसांचा त्यांना त्रास नाही.

बेट लागतं ते घरच्या पक्ष्यांना, आणि तेही उन्हाळ्यात. नदी सुरय घ्या. पिवळीधमक चोच, विणीच्या दिवसांत काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. तो घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर एक खळगी करतो आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी घालतो. वाळूखड्यांत ती पायाखाली आली तरी कळत नाहीत. पाणभिंगरीची रीतही तीच. मार्च-एप्रिलच्या मराठवाडी उन्हात मादी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि पुन्हा बसते. नावेतून उतरलेली चार माणसं बेटावर सेल्फी काढत फिरतात, तेव्हा सगळा थवा वर उठून कलकलाट करतो. उतरलेल्यांना वाटतं, काय सुंदर दृश्य! खाली तेवढा वेळ अंडी तापत असतात. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण अंडी जातात ती जातातच.

हे पक्षी मूळचे नदीतले, आणि इथे जालना जिल्ह्याचा संबंध पाण्यापुरता राहत नाही. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळूची बेटं उघडी पडायची आणि सुरयांना ती पुरायची. आता केनी लावून, यंत्रं उतरवून रात्रभर वाळूउपसा चालतो आणि पहाटे हायवा ट्रक रांगेने गावातून जातात. बातम्या येतात, दंड होतात, वाळू जातच राहते. खाली नदीत जागा उरली नाही, म्हणून वर धरणातल्या टेकाडांची किंमत वाढली. नदी सुरय आज जागतिक पातळीवर 'असुरक्षित' पक्ष्यांच्या यादीत आहे, आणि त्याचं कारण शोधायला आम्हाला शहागडच्या पुलापलीकडे जायची गरज नाही.

आता पर्यटन. माझ्या पिढीतल्या जालना-परभणीच्या पोरांची पहिली सहल पैठणची. एसटीने जायचं, नाथांच्या समाधीचं दर्शन, भिंत, आणि संध्याकाळी ज्ञानेश्वर उद्यान. म्हैसूरच्या वृंदावनच्या धर्तीवर सुमारे तीनशे एकरांत उभारलेलं हे उद्यान, त्यातली रंगीत कारंजी, हिरवळीवर बसून खाल्लेल्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. पुढे देखभाल ढिली पडत गेली, २००६ च्या महापुराने भर घातली आणि उद्यान उतरणीला लागलं. त्याबरोबर कणसंवाले, फुगेवाले, लॉजवाले, रिक्षावाले अशी कितीतरी पोटं उतरणीला लागली. त्यामुळे 'पैठणला पर्यटन वाढवा' ही मागणी मला चुकीची वाटत नाही. उद्यान माणसांनी माणसांसाठीच केलेलं आहे. ते पुन्हा झगमगू दे, रात्री कारंजी नाचू देत, गर्दी होऊ दे. माझा आक्षेप एवढाच, की उद्यानाची तहान बेटांवर भागवू नये.

इतरांनी काय केलं ते बघावं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला, मासेमारी करणाऱ्यांनीच नावा पर्यटकांसाठी लावल्या आणि पक्षी ओळखायला शिकले. पैसा गावात राहिला, ही मोठी गोष्ट. पण रोहित उडताना फोटो हवा म्हणून नाव थेट थव्यात घालायला लावणारी गिऱ्हाइकंही तिथेच भेटतात, आणि नाही म्हणणारा नावाडी गिऱ्हाईक गमावतो. आपल्याच गोदावरीवर वरच्या अंगाला नांदूर मधमेश्वर आहे, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं. तिथे माणसं मनोऱ्यांवर चढून पक्षी बघतात. मजा कमी होत नाही. कर्नाटकात भद्रा धरणातही पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या बेटांवर हजारो नदी सुरय वीण घालतात. लक्कवळ्ळीच्या सरकारी निवासाचं नावच या पक्ष्यावरून ठेवलंय. पाहुणे नावेतून बघतात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजतात. म्हणजे सुरय हा पर्यटनाचा शत्रू नाही. बेटावर पाय न ठेवता तो दाखवता येतो.

पैठणच्या काठावर एका नावाड्याशी बोलत होते. कहार समाजातला माणूस, बाप-आजा मासे धरणारे. तो म्हणाला, "मॅडम, माणूस तर सांगून ऐकंल. कुत्र्याला कोण सांगणार? पाणी हटलं की ते चालत येतंय." माझ्या डोळ्यांसमोर आले काठावरचे शेतकरी. पाणी मागे सरलं की ते पोकलेन लावून चर खोदतात आणि पाणी आपल्या मोटारीपर्यंत आणतात. सगळ्या बॅकवॉटरला हे चाललेलं असतं. मग निवडक पाच-सात बेटांच्या जोडपट्टीवर असाच एक चर फेब्रुवारीत मारता येणार नाही का? बेट आणखी काही आठवडे बेट राहील आणि पिल्लं पंखांत बळ येईतो वाचतील. अभयारण्यात खोदकाम म्हणजे वनखात्याची आणि पाटबंधारे खात्याची परवानगी, कागद, शेरे. ते मला कळतं. पण तंत्र अवघड नाही आणि यंत्र काठावर उभंच असतं.

पातळीचं गणित मात्र आमच्यापर्यंत येतं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा समन्यायी वाटपाचा नियम आहे. नाशिक-नगरशी दरवर्षीचं भांडण त्यावरून. पाणी आलं की कालव्याची आवर्तनं सुरू होतात. मार्च-एप्रिलचं आवर्तन आमच्या उसासाठी सुटतं आणि तिकडे बेट काठाला टेकतं. पर्यटकांवर बोट दाखवणं सोपं आहे. पण सुरयाच्या अंड्यापर्यंत कुत्र्याची वाट कोरडी करण्यात अंकुशनगरच्या साखर कारखान्यात गाळपाला जाणाऱ्या उसाचाही हात आहे. आवर्तन थांबवा असं मी म्हणणार नाही, माझ्या शेजारच्या घरांतली चूल त्यावर पेटते. कुठल्या आठवड्यात किती फूट उतरणार, एवढं वनखात्याला आधी कळवायला तरी काय हरकत आहे?

त्यात आता तरंगत्या सौरऊर्जेचा प्रकल्प आला आहे. मासेमारी आणि जलाशयाचं जीवन धोक्यात येईल म्हणून कहार समाजाची पंच कमिटी हरित लवादाकडे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२५ साली तिथेही याचिका टिकली नाही. विजेची गरज मलाही मान्य आहे. पण सहलीच्या नावेला परवानगी देताना जी काटेकोर चौकशी होते, तेवढीच पाण्यावर पत्रे अंथरणाऱ्याचीही व्हावी.

माझा हिशेब साधा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी पर्यटकांचे महिने: काठावर मनोरे, दुर्बिणी, ठरलेल्या मार्गाने नावा. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत बेटांवर उतरायला बंदी, आणि नावही दूरच. हे सांगितलं तेव्हा नावाडी हसला. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे त्याच्या गिऱ्हाइकाचा हंगाम. पावसाळ्यात मासे बंद, उन्हाळ्यात नावही बंद, मग खायचं काय? प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, त्या महिन्यांत बेटांची राखण तुम्हालाच दिली, रोजावर, वनखात्याकडून, तर? तो लगेच हो म्हणाला नाही. रोज किती आणि हातात दर महिन्याला पडणार का, एवढंच त्याने विचारलं. हिवाळ्यातल्या प्रवेशशुल्कातून तो पगार निघावा, असं मला वाटतं. पैठणला सहल नेणाऱ्या जालना-अंबडच्या शाळांनी पोरामागे पाच-दहा रुपये जास्त मोजायला हवेत. आमच्या शाळेच्या पुढच्या पालकसभेत मी हा विषय मांडणार आहे.