गाव हलवण्याआधीची बैठक

फिजीच्या वानुआ लेवू बेटावरचे वुनिडोंगोलोआ हे गाव जानेवारी २०१४ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर वसवण्यात आले. चढत्या समुद्रापायी अख्खे गाव हलवण्याची फिजीतली ही पहिलीच वेळ. उधाणाचे पाणी घरांत शिरत होते, संरक्षक भिंत कुचकामी ठरली होती, शेतात खार चढला होता. गावकऱ्यांनी सरकारकडे मदत मागितली २००६ मध्ये आणि नव्या घरांत ते राहायला गेले आठ वर्षांनी. सरकारी दिरंगाई त्यात होतीच, पण गावाच्या बैठकाही याच काळात झाल्या, आणि त्या वाया गेल्या नाहीत.

फिजीत असा प्रश्न अडतो तो बहुधा जमिनीपाशी. देशातली ८० टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजीयन भावक्यांच्या सामाईक मालकीची आहे. अशा भावकीला तिथे ‘मातांगाली’ म्हणतात. ही जमीन कायद्याने विकता येत नाही. भाडेपट्ट्याने मात्र देता येते. वुनिडोंगोलोआला नवी जागा मिळाली ती स्वतःच्याच हद्दीत, त्यामुळे शेजारच्या भावकीपुढे हात पसरावा लागला नाही. घरांसाठी लाकूड गावाने आपल्या रानातले दिले, उरलेल्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. तीस घरे उभी राहिली. मासेमारीचा किनारा लांब पडणार म्हणून माशांसाठी तळी खोदली, अननसाची लागवड झाली, खोबरे वाळवायची भट्टी आली. नव्या वस्तीचे नाव ठेवले ‘केनानी’, म्हणजे बायबलमधली कनान ही वचनभूमी.

घाई केली की काय होते, ते ओनो बेटावरच्या नारिकोसोने पाहिले. तिथल्या लोकांनीही सरकारला हाक दिली होती. २०१२ मध्ये लष्कराची यंत्रे आली आणि जमिनीची पुरेशी तपासणी न करताच डोंगरउतार कापून सपाट करण्यात आला. सुटलेली माती समुद्रात गेली. खारफुटी आणि प्रवाळ यांना तिची झळ बसली. पुढे तज्ज्ञांनी आराखडा नव्याने आखला, आणि २०२० मध्ये समुद्राला सर्वांत जवळ असलेली सात घरेच तेवढी वर गेली. बाकीचे गाव खालीच राहिले. एकत्र जेवणाऱ्या, एकत्र प्रार्थना करणाऱ्या गावाची अशी दोन ठिकाणी विभागणी होणे हे लहानसहान नुकसान नव्हे.

अशा अनुभवांतून डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने नियोजित स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. स्थलांतर हा शेवटचा उपाय, आणि संबंधित लोकांची पूर्ण माहितीनिशी संमती हवी, हा त्यांचा गाभा. २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला. हलवावी लागण्याची शक्यता असलेली चाळीसहून अधिक गावे सरकारी यादीत आहेत. २०२२ पर्यंत सहाच गावे हलली होती.

तोवर गावे जागच्या जागी तग धरतात. सिमेंटची भिंत सगळ्यांनाच हवीशी वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते; पण तिच्या टोकांशी किनारा अधिक झिजतो, आत शिरलेले पाणी अडून बसते, आणि ती ढासळली की डागडुजीचा पैसा गावाकडे नसतो. म्हणून काही गावे खारफुटी लावतात, किनाऱ्यालगत वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावतात. काही जण समुद्राचा एक तुकडा मासेमारीला बंद ठेवतात. ही रीत जुनीच. १९९७ मध्ये उथुनिवानुआ गावाने विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या साथीने तिला मोजमापाची जोड दिली. बंद तुकड्यातल्या शिंपल्या वाढल्या, आसपासच्या खुल्या पाण्यातही वाढल्या. नोंदी गावकऱ्यांनीच ठेवल्या होत्या, तेव्हा निष्कर्ष कुणाला पटवून द्यावा लागला नाही. पुढे शेकडो गावांनी याचे अनुकरण केले.

या साऱ्या व्यवस्थेत एक मोठी फट आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. १८७९ पासून ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांचे, म्हणजे करारबद्ध मजुरांचे, वंशज आज देशाच्या लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश आहेत. त्यांतले अनेक शेतकरी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर ऊस पिकवतात. नदीकाठची त्यांची शेतेही पुरात बुडतात. पण त्यांना मातांगाली नाही, मालकीचे रान नाही आणि विखुरलेल्या वस्तीमुळे मूळ फिजीयन गावाला असते तशी बैठकही नाही. पट्ट्याची मुदत संपली की तेच शेत पुन्हा मिळेल याचीही खात्री नसते. गाव हे एकक धरून केलेल्या योजनेत अशा कुटुंबाने अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हा प्रश्न तसाच राहतो.