काँगोचा पितळी क्रूस

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काँगोचा जुना पितळी क्रूस पाहिला. ख्रिस्ताचा चेहरा आफ्रिकन, भोवती हात जोडलेल्या छोट्या आकृत्या. तेव्हापासून काँगोतल्या ख्रिस्ती धर्माविषयी वाचतोय.

काँगोचा राजा न्झिंगा आ न्कुवू याने १४९१ मध्ये पोर्तुगीज धर्मगुरूंकडून बाप्तिस्मा घेतला. पोर्तुगिजांनी काँगो जिंकलेला नव्हता, हे लक्षात घ्या! त्याचा मुलगा अफोन्सो याने राजा झाल्यावर ख्रिस्ती धर्म रुजवला.

पूर्वी कॅथलिक धर्माचा जागतिक इतिहास म्हणजे मुख्यतः युरोपातून निघालेल्या मिशनऱ्यांची कहाणी असे. आता अभ्यासक विचारतात, स्थानिकांनी या धर्माचं काय केलं?

उदाहरणार्थ, इतिहासकार जॉन थॉर्नटन यांनी काँगोतल्या किंपा व्हिटा या तरुणीवर पुस्तक लिहिलं. येशू काँगोतच जन्मला, असं ती सांगायची. १७०६ मध्ये तिला जाळलं गेलं.

कला-इतिहासकार सेसिल फ्रोमाँ क्रूस, पोशाख, तलवारी यांतून इतिहास वाचतात. मला हे फार मोलाचं वाटतं: कागदपत्रं बरीचशी मिशनऱ्यांची, पण हे क्रूस काँगोच्या कारागिरांचे.

आपल्या मराठीतल्या, जेझुइट फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’चाही (१६१६) असा नव्याने अभ्यास होतोय. अनन्या चक्रवर्ती यांनी भारत आणि ब्राझीलमधली जेझुइटांची कामं एकाच पुस्तकात मांडली आहेत.

सुरुवात थॉर्नटनपासून करा. काही विचारायचं असेल तर खाली नक्की लिहा.