दोन मोजमापं ‘जुळतात’ म्हणजे नेमकं काय?

दात पुढे आलेल्या मुलाला ऑर्थोडोंटिस्टकडे नेलं, की तारा बसवण्याआधी बहुतेक वेळा डोक्याचा बाजूने एक्स-रे काढतात. त्याला सेफॅलोग्राम म्हणतात. त्यातून शोधायचं असतं ते हे: दोष फक्त दातांचा आहे, की जबड्यांचाही? नुसत्या तारा पुरतील, वाढीच्या वयातच जबड्यासाठी उपकरण द्यावं लागेल, की पुढे शस्त्रक्रिया, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

यासाठीचं नेहमीचं माप म्हणजे एएनबी कोन. नाकाच्या मुळाशी असलेल्या एन बिंदूपासून वरच्या जबड्यावरच्या ए आणि खालच्या जबड्यावरच्या बी बिंदूपर्यंत रेषा काढायच्या आणि मधला कोन मोजायचा. तो २ अंशांच्या आसपास असला तर ठीक. ४ च्या वर गेला तर सहसा ‘वर्ग २’ म्हणतात, म्हणजे वरच्याच्या तुलनेत खालचा जबडा मागे.

गोम अशी, की एन बिंदू जबड्यावर नाहीच! तो जरा पुढे असला, तर जबडे जागच्या जागी असूनही कोन लहान येतो. म्हणून १९७५ मध्ये अलेक्स जेकबसन यांनी ‘विट्स’ पद्धत मांडली (जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाचं हे लघुनाव). यात ए आणि बी वरून दात चावतात त्या पातळीवर लंब टाकून त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. पण ही पातळीच तिरकी असेल, तर विट्सही फसतं.

मग दोन पद्धती जुळतात का, हे कसं तपासायचं? पटकन सुचतं ते सहसंबंध काढणं. पण समजा, एखादं सॉफ्टवेअर एएनबी कोन हाताने मोजलेल्यापेक्षा दर वेळी बरोबर २ अंश जास्त दाखवतं. सहसंबंध येईल १, अगदी परिपूर्ण! आणि ३ अंशांचं ठीकठाक मूल ५ अंश होऊन वर्ग २ मध्ये जाईल.

म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये साधा उपाय सुचवला: प्रत्येक रुग्णाच्या दोन मापांतला फरक काढा. फरकांची सरासरी, अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाण विचलन. साधारण ९५ टक्के फरक या मर्यादांत बसतात. समजा सरासरी फरक फक्त ०.२ अंश, पण मर्यादा -२.३ ते २.७. सरासरी छान दिसते. पण सॉफ्टवेअरने ४ दाखवलं, तर हाताचं माप १.३ ही असू शकतं आणि ६.३ ही. समोरच्या एका मुलासाठी हे चालेल का, हे गणित सांगत नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

एएनबी अंशांत आणि विट्स मिलिमीटरमध्ये, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. तिथे निदान जुळतं का ते बघायचं, आणि त्यासाठी कोहेनचा कप्पा. समजा १०० मुलांपैकी दोन्ही पद्धती ८०-८० जणांना ‘ठीक’ म्हणतात आणि ७६ जणांबाबत त्यांचं एकमत आहे. भारी वाटतं ना? पण निव्वळ योगायोगानेच ६८ जणांबाबत एकमत झालं असतं (०.८ × ०.८ + ०.२ × ०.२). योगायोगापलीकडे ३२ ची जागा होती, त्यातले ८ मिळाले. कप्पा फक्त ०.२५.

तेव्हा ‘दोन्ही पद्धतींत उत्तम सहसंबंध आढळला’ असं वाचलंत, तर लगेच विचारा: फरक किती, आणि त्या फरकाने किती जणांचं निदान बदललं? चांगले ऑर्थोडोंटिस्ट एकाच आकड्यावर विसंबत नाहीत, चेहरा आणि दातांचे साचेही बघतात, ते यासाठीच.