चर्चबाहेरचा गीतकार

बँकेत बढतीच्या मुलाखतीआधी माझी आठवडाभर झोप उडे. त्यामुळे विल्यम कूपर हा इंग्रज कवी मला जवळचा वाटतो. १७६३ मध्ये लॉर्ड्स सभेच्या दप्तरातल्या नोकरीसाठी परीक्षा द्यायची, या धास्तीने तो जीव द्यायला निघाला. डॉ. कॉटन यांच्या उपचारांनी सावरला. श्रद्धाही तिथेच गवसली. पण १७७३ मध्ये आजार उलटला. देवाने आपल्याला टाकले, अशी त्याची खात्रीच झाली. चर्चला जाणे सुटले, ते कायमचे. धर्मोपदेशक मित्र जॉन न्यूटन यांनी त्याला वर्षभर आपल्या घरी ठेवून घेतले. (मला हे कुठल्याही प्रवचनाहून मोठे वाटते.) पुढे मन रमवायला कूपरने ससे पाळले. १७७९ मध्ये दोघांचा स्तोत्रसंग्रह निघाला. त्यातली कूपरची गीते चर्चमध्ये आजही गातात. तो स्वतः मात्र रविवारी घरीच असे.