रान राखणारी गावे

पावसाळा जवळ आला की आपल्या मंडळीतील कोणी ना कोणी विचारते, "आदिवासी गावांसाठी आम्ही रोपे द्यावीत का? शंभर-दोनशे रोपांचा खर्च उचलू." भावना चांगलीच असते. पण रानातली मूळची झाडे गावे स्वतः कशी राखतात हे पाहिले, तर आपली मदत कोठे उपयोगी पडेल हे अधिक चांगले कळते. म्हणून या अंकात पूर्व विदर्भातील दोन गावांची ओळख करून देत आहोत.

रान म्हणजे घरचे कोठार

गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड कुटुंबाचे वर्ष रानाच्या हंगामावर चालते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुले वेचायची. उन्हाळ्यात चारोळी आणि टेंभरे म्हणजे तेंदूची फळे. पावसाच्या तोंडावर मोहाच्या टोळीचे तेल. पाऊस पडला की तरोट्याची भाजी आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पुढे हिरडा, बेहडा, आवळा. काही घरी खायचे, काही बाजारात विकून मीठ-मिरची आणायची.

यातली बहुतेक झाडे कोणी लावलेली नाहीत. बी पडते, रुजते, आणि गुरे व वणवा यांतून वाचले तरच वाढते. मोहाला फुलावर यायला दहाएक वर्षे लागतात. नेमकी अडचण येथेच आहे. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्या आगीत खालची लहान रोपे जळून जातात. म्हणून कित्येक गावांत मोहाची म्हातारी झाडे दिसतात, तरणी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चारोळीची फळे काढण्यासाठी फांद्याच तोडल्या, तर पुढच्या वर्षीचे फळ गेलेच.

राखण का ढिली पडली?

पूर्वी गावांना हे कळत नव्हते असे नाही. पण इंग्रजी अमदानीत १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी रान सरकारी झाले. पिढ्यान्‌पिढ्या जेथे फिरलो तेथेच आपण चोर ठरलो, तर राखण कोणासाठी करायची? कोणीतरी नेणारच आहे, मग आपणच आधी नेऊ, असे माणसाच्या मनात येते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे चित्र बदलण्याची वाट उघडली. या कायद्यात घराघराच्या शेतजमिनीच्या हक्काबरोबरच सामूहिक वनहक्काचीही तरतूद आहे. त्यानुसार गाव परंपरेने वापरत आलेल्या जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्कही मिळतो, आणि त्यात बांबू येतो.

मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण तयारी त्याआधी अनेक वर्षांची होती. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी गावात अभ्यासगट चालवत होते. येथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एखाद्याचा विरोध असेल तर पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. वेळ लागतो, पण नियम सर्वांनी मिळून केलेला असल्यामुळे तो पाळलाही जातो.

हक्क मिळाला तरी बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने गावाला लगेच मिळाले नाहीत. बांबू हे झाड की गौण वनोपज, हा वाद होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली.

पाचगावचा अवघड निर्णय

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये एक हजार हेक्टरांहून अधिक जंगलावर हक्क मिळाला. त्यानंतर ग्रामसभेने घेतलेला एक निर्णय आपण सर्वांनी समजून घेण्याजोगा आहे. गावाने तेंदूपाने तोडणे बंद केले.

तेंदूपान म्हणजे विडीचे पान. उन्हाळ्याच्या अखेरीस, शेतीची कामे सुरू होण्याआधी, या पानांचे रोख पैसे हाती येतात. बी-बियाणे, मुलांची पुस्तके, दवाखाना यांना तेच उपयोगी पडतात. मग ते का सोडावेत? कारण कोवळी, मोठी पाने मिळावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटतात आणि रानाला आगही लावली जाते. त्यात झाड वाढत नाही, फळ धरत नाही, आणि बाजूची मोहाची, चारोळीची रोपेही होरपळतात. गावाने ठरवले, पान नको, फळ राहू दे. ते माणसेही खातील, पाखरेही खातील. उत्पन्नासाठी त्यांनी बांबूवर भर दिला. शिवाय सुमारे ३४ हेक्टर चांगले जंगल देवराई म्हणून राखून ठेवले.

प्रत्येक गावाला हे परवडेल असे नाही. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात आणि त्यातून मजुरांना पूर्वीपेक्षा चांगला भाव मिळतो. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की काय तोडायचे आणि काय राखायचे, याचा हिशेब ज्यांचे पोट त्या रानावर आहे त्यांनीच मांडला.

आपण काय करू शकतो?

आता रोपांच्या प्रश्नाकडे परत येऊ. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मेक्सिकोकडची. ती भराभर वाढतात आणि फोटोत छान दिसतात, पण मोहाची जागा ती घेऊ शकत नाहीत. रोपे द्यायचीच असतील तर आधी ग्रामसभेला विचारावे. शक्य तर गावातल्याच बियांपासून गावातच रोपवाटिका करावी. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, ते पडल्यावर लवकर पेरावे लागते.

त्याहून मोठी मदत वेगळी आहे. मोहाखाली अंथरायला जाळी मिळाली की पाला पेटवावा लागत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. दाव्याचे कागद, नकाशे, तालुक्याच्या खेपा यांसाठी लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाची सोबत लागते. आणि मोहफुले, चारोळी, हिरडा यांना रास्त भाव देणारे गिऱ्हाईक लागते.

बहुतेक ठिकाणी गुरे आणि वणवा चार-पाच वर्षे आवरले, तर रान आपल्या मुळांतून आणि बियांतून पुन्हा वर येते. पण ती चार-पाच वर्षे गावाला कमाईत तोटा सोसावा लागतो. त्या काळात गावाच्या पाठीशी उभे राहणे, हेच आपल्या देणगीचे खरे काम आहे.