मोटारींच्या गावात पायी

जर्मनीच्या सहलीत श्टुटगार्ट सहसा नसतं. टूरवाल्यांची बस म्युनिक, हायडेलबर्ग, ब्लॅक फॉरेस्ट करत फिरते आणि हे शहर बाजूलाच राहतं. पुणेकरांना मात्र ते परकं नाही. मर्सिडीज आणि बॉशचं हे मूळ गाव, त्यामुळे पुण्याचे इंजिनिअर सहा महिने, वर्षभर इथे येऊन-जाऊन असतात. मुंबई तर १९६८ पासून या शहराची भगिनी-नगरी आहे. नवऱ्याच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने आम्ही दोघंही इथे काही काळ राहिलो. येताना डोक्यात मोटारीच होत्या. राहिलो ते बहुतेक पायी.

याला कारण इथली चढण. शहराचा मध्यभाग तिन्ही बाजूंनी टेकड्यांनी वेढलेल्या खोलगटात वसला आहे. नेकार नदीपाशी शहराची उंची समुद्रसपाटीपासून २०७ मीटर, तर सर्वांत उंच ठिकाणी ५४९ मीटर. पूर्वी या उतारांवर द्राक्षमळे होते आणि मळ्यात जायला दगडी पायऱ्या. पुढे मळे हटले, घरं आली, पायऱ्या राहिल्या. असे चारशेहून अधिक जिने आज शहरात आहेत. नकाशावर दोन मिनिटांचा दिसणारा रस्ता म्हणजे प्रत्यक्षात दीडशे पायऱ्या, हे आम्हाला दुधाच्या पिशव्या हातात असताना कळलं. काही मळे अजून टिकून आहेत, त्यातला एक तर मुख्य रेल्वे स्टेशनच्या मागेच आहे.

पाय दुखले तर दातेरी रुळांवरची गाडी आहे. १८८४ साली सुरू झालेली ही गाडी आज मारियनप्लात्झ ते डेगरलोख अशी चढते. तिच्यापुढे सायकली ठेवायला उघडी गाडी जोडलेली असते. ती पर्यटकांसाठी मिरवायला ठेवलेली नाही. दप्तर घेतलेली मुलं आणि ऑफिसवाले रोज तिनेच जातात.

आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या दाराला एके दिवशी एक छोटी पाटी लटकलेली दिसली. ‘केरवोखे’, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची पाळी या आठवड्यात तुमची, हा तिचा अर्थ. मोठ्या पाळीत अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फही येतो. प्रथा जुनी आहे. प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी, असा नियम इथल्या १४९२ सालच्या नगर-कायद्यातच होता. पुण्यात जिना झाडायला सोसायटीचा माणूस येतो, त्यामुळे नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा जिना पुसला तो श्टुटगार्टमध्ये. खालच्या मजल्यावरच्या आजी तोवर नुसतं ‘ग्र्युस गॉट’ म्हणून पुढे जात. त्या शनिवारी थांबल्या, कोपरे दाखवले आणि मग पंधरा मिनिटं बोलत राहिल्या. आमची ओळख पुसलेल्या जिन्यावर झाली.

बाकीची शिस्तही अशीच रोजच्या कामांतून कळते. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटात झुंबड. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, त्यामुळे रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन यंत्रापुढे रांग. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या टाकायच्या, आणि रविवारी मुळीच नाही, कारण आवाज होतो.

खाण्यात आम्हा वरणभातवाल्यांना आधार मिळाला तो मसुराचा. मसुराची दाटसर आमटी आणि श्पेट्झले नावाच्या मऊ शेवया हे इथलं घरगुती जेवण. वर सॉसेज येतं, ते नको म्हणून सांगायचं. शाकाहाऱ्यांनी जपायचं ते बटाट्याच्या सॅलडपासून, कारण इथल्या पद्धतीत त्यात बहुधा मांसाचं पाणी घालतात. मोसमात द्राक्षमळेवाले दाराशी झाडू टांगतात. झाडू दिसला, की घरची वाइन आणि साधं जेवण मिळणार असं समजायचं.

नदीपलीकडचा बाड कानश्टाट हा भाग खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. रस्त्यावरच्या कारंज्यातून ते पाणी फुकट पिता येतं. चव खारट, लोखंडी. पहिला घोट कुणालाच आवडत नाही. इथल्याच बागेतल्या काचघरात गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८० च्या दशकात पेट्रोलचं हलकं, वेगवान इंजिन बनवलं. रात्रंदिवस चालणाऱ्या ठोकाठोकीने माळ्याला खोट्या नाण्यांचा संशय आला आणि त्याने पोलीस बोलावले, असं सांगतात. शरद ऋतूतली मोठी जत्राही कानश्टाटचीच. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ मधल्या उद्रेकाने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, उपासमार झाली. ते संकट सरल्यावर राजा विल्हेल्म पहिला याने १८१८ मध्ये शेतीचा हा उत्सव सुरू केला. आज तिथे बिअरचे तंबू आणि पाळणे असले, तरी मधोमध फळा-धान्याने सजवलेला उंच खांब असतोच.

वास्तुकलेची आवड असेल, तर वाइसेनहोफ वसाहत पाहावी. १९२७ साली मीस फान डेअर रोअ यांच्या देखरेखीखाली १७ वास्तुरचनाकारांनी ती उभारली. त्यातली ल कोर्बुझिएची दोन घरं २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्याच यादीत त्याने चंडीगडला बांधलेलं कॅपिटॉल संकुलही आहे.

आम्ही पुन्हा पुन्हा गेलो ते बिर्केनकोप्फवर. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झालेल्या शहराचा राडारोडा लोकांनी या टेकडीवर आणून टाकला. तिची उंची त्यामुळे सुमारे ४० मीटरने वाढून ५११ मीटर झाली. माथ्यावर कोरीव खांबांचे, खिडक्यांच्या कमानींचे तुकडे तसेच पडले आहेत. ज्या घरांचे ते दगड, त्यांच्या जागी उभं राहिलेलं नवं शहर खाली दिसतं.

इथे राहायला येणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच. घर बघताना भाड्याआधी पायऱ्या मोजा. पाळीच्या आठवड्यात सहल ठरवू नका. मोटारींची संग्रहालयं पावसाळी दिवसासाठी राखून ठेवा. मर्सिडीज काय, चाकणलाही तयार होते. बिर्केनकोप्फ चढायला मात्र श्टुटगार्टलाच यावं लागतं.